बोग्नाचा सूर्यजीव

काळं तळं, सुवाउकीजवळ
सोमवार, ९ सप्टेंबर २०१९

प्रिय बोग्ना,

दरवर्षी नाताळच्या कार्डावर चार ओळी खरडणारी मी सप्टेंबरातच पानंच्या पानं पाठवते आहे म्हटल्यावर तू आधी मागचं पान उलटून कोण गेलं ते शोधशील. कोणीही गेलेलं नाही. माझे गुडघे सोडले तर सगळं धड आहे. शनिवारी दुपारी जेवून आडवी झाले ती थेट साडेपाचला उठले. दुपारी झोप लागण्याची मला सवय नाही, आणि मध्ये एकदाही दचकून जाग न येण्याची तर मुळीच नाही. उठल्यावर कितीतरी वेळ मी खिडकीशी नुसती बसून होते. मग वाटलं, आता बोग्नाला लिहायला बसावं. बसले, आणि तीन कागद फाडले. हा चौथा.

आधी इकडची खबरबात. तळ्याकाठच्या आपल्या संशोधन केंद्रावर नवं छप्पर चढलं आहे, पत्र्याचं, लाल. पाऊस पडला की आत बसून कोणाचं बोलणं ऐकू येत नाही. गेनोवेफामावशींच्या स्वयंपाकघरात आता कॉफीचं यंत्र आहे, आणि त्या जिथे बटाटे सोलायला बसायच्या तिथे शीतकपाट. मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी आठवड्यातून तीन दिवस मी सायकल काढून तिकडे जाते. घरात बसून काय करू? माझा तादेक जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा ग्दान्स्कला, आणि शेजारीण दिवसभर टीव्ही लावते.

मावशींची आठवण निघाली म्हणून सांगते. आपण दोघी इथे पहिल्यांदा आलो त्या उन्हाळ्यात त्यांनी तुला विचारलं होतं, की तुम्ही पोरी दिवसभर त्या नळीत डोळा घालून बघता तरी काय? तू पातेल्यातला बटाट्याचा एक गोळा उचललास आणि त्याला चारी बाजूंनी झाडूच्या काड्या टोचल्यास. म्हणालीस, असा दिसतो आमचा सूर्यजीव, फक्त एकाच पेशीचा आणि याच्यापेक्षा काही हजार पटींनी लहान. मावशी म्हणाल्या, "हे तर साळिंदर झालं. आणि याच्यासाठी सरकार तुम्हाला पगार देतं?" तू म्हणालीस, "साळिंदर काट्यांनी दुसऱ्याला लांब ठेवतं, मावशी. हा काट्यांनीच जेवतो. कोणी पोहत येऊन काडीला चिकटलं, की काडी हळूहळू आत ओढतो आणि गट्ट." मावशींनी तो गोळा काड्या उपटून परत पातेल्यात टाकला. त्या दिवशी जेवताना तुझ्याच दातात काडी आली होती.

तर, दोन वर्षांपूर्वी इथे दोब्रावा नावाची एक बाई रुजू झाली. चौतिशीची, उंच, बोलायला फटकळ. तीही सूर्यजीवांवरच काम करते. पहिल्याच दिवशी तिने माझं कपाट उघडून ड्रोगोशसरांचं ते जाडजूड पुस्तक बाहेर काढलं, ज्यावरून आपण सगळे सूर्यजीव ओळखायला शिकलो. दोन बोटांत धरून म्हणाली, "इरमिनाबाई, हे अजून वापरता तुम्ही?" मला राग आला. मग तिने चहा करून मला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं.

बोग्ना, तू हे सगळं सोडून शाळेत शिकवायला गेलीस त्यानंतर किती काय बदललं, ते तुला कोणी सांगितलं असेल की नाही कोण जाणे. आपण शिकलो तेव्हा गोल अंग आणि सगळीकडून निघालेले सरळ किरण एवढं दिसलं, की तो सूर्यजीव, एकाच घराण्यातला. आता पेशीतला डीएनए वाचतात. त्यात निघालं, की हे एक घराणं नव्हतंच. काही जण समुद्रातल्या तपकिरी शेवाळांच्या गोतातले. ते देठावर जाळीचा पिंजरा करून राहणारे, जे तुला फार आवडायचे, ते तिसऱ्याच कुणाचे. आणि आपले, अंगावर काटे किंवा खवले वागवणारे, ते चुन्याच्या चकत्या पांघरून समुद्रात तरंगणाऱ्या शैवलांचे लांबचे भाऊबंद. किरण ज्याने त्याने आपापले कमावले होते. आपण फक्त वरचा पेहराव बघून सगळ्यांना एका पंगतीत बसवलं होतं. मी दोब्रावाला म्हटलं, मग मी तीस वर्षं मुलांना शिकवलं ते काय? ती म्हणाली, "तेव्हा जेवढं दिसत होतं तेवढं बरोबर शिकवलंत. त्यात वाईट काय वाटून घ्यायचं?" हे ती सहज बोलली, पण मी ते घरापर्यंत बरोबर घेऊन गेले.

आता जुन्या गोष्टीकडे येते. तू म्हणशील, कशाला. वाच तरी.

चौऱ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये काळ्या तळ्याच्या काठच्या शेवाळ्यातून तू एक सूर्यजीव उचललास. ज्योतीवर ओढून केसाएवढी केलेली काचेची पिपेट, तिने एकच पेशी घेतलीस, स्वच्छ पाण्याच्या बशीत सोडलीस, आणि त्या एकीपासून अख्खं कल्चर वाढवलंस. त्याच्या अंगाभोवती बारीक मऊ काट्यांची झालर होती. ड्रोगोशसरांच्या पुस्तकाप्रमाणे ती एक प्रजाती. माझ्या बशांतले सूर्यजीव दुसऱ्या प्रजातीचे, काटे नाहीत, अंगावर काचेसारखे सपाट खवले. तुझ्या बशा कपाटाच्या वरच्या फळीवर, माझ्या खालच्या. मार्चमध्ये तू तुझं कल्चर घेऊन वॉर्साला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर गेलीस आणि परत आलीस ती रेल्वेतून उतरून धावतच. फोटोंत तुझ्या काटेवाल्यांच्या अंगावर खवले होते. सगळ्यांच्या नाही, पण पुष्कळांच्या. तू म्हणालीस, "हा कपडे बदलतो, इरमा. या दोन प्रजाती नाहीतच. एकच प्राणी आहे, कधी काटे घालतो, कधी खवले." मला आठवतं, मी तुला आधी कोट काढ म्हटलं होतं.

मे महिन्यातल्या, तुझ्या प्रबंधावरच्या त्या बैठकीची प्रत्येक खुर्ची मला आठवते. ड्रोगोशसर वाईट नव्हते हे मी आजही म्हणेन. पण त्या दोन प्रजाती वेगळ्या करण्यात त्यांची बारा वर्षं गेली होती. त्यांनी फोटो उलटेसुलटे पाहिले आणि अगदी मायेने म्हणाले, "पोरी, तुझ्या बशीत पाहुणे शिरले." मग माझ्याकडे वळून विचारलं, "फेब्रुवारीत ही नीसाला आईच्या ऑपरेशनसाठी गेली होती, तेव्हा हिच्या बशांना खाऊ कोण घालत होतं?" मी म्हटलं, मी. "पिपेट वेगळी वापरायचीस?" मी म्हटलं, "हो सर. वेगळी. दरवेळी उकळून." आणि तू, बोग्ना, तू लगेच म्हणालीस, "इरमा म्हणते तर तसंच असणार. तिच्यावर जाऊ नका, सर." ते म्हणाले, "मग घोटाळा आधीचाच. सुरुवातीलाच तू एकाच्या जागी दोन उचललेस. तू एकच उचललास हे तुझ्याशिवाय कोणी पाहिलं होतं का?" कोपऱ्यात कोणीतरी चमच्याने ग्लासातला चहा ढवळत होतं, तेवढा आवाज.

तुला सांगितलं गेलं, की ते प्रकरण काढून टाक आणि बाकीचा प्रबंध दे. तू म्हणालीस, "जे दिसलं ते काढून टाकता येत नाही." जूनमध्ये तू सामान बांधलंस. आई आजारी आहे, शाळेत जागा आहे, असं सगळ्यांना सांगितलंस. दोघींपैकी एकीलाच मिळणार होती ती इथली कायमची जागा ऑक्टोबरात मला मिळाली. तुझं अभिनंदनाचं पत्र आलं, त्याच्याबरोबर तुझ्या आईने विणलेले लोकरीचे मोजे. ते मोजे मी कधी घातले नाहीत. मुलगा चालायला लागला तेव्हा त्याच्या पायांत घातले, मोठे होत होते तरी.

हे मी इतक्या वर्षांत तुला एकदाही लिहिलं नाही. आपण कार्डांवर काय लिहायचो? बर्फ फार पडलं, नातवाला दात आला, या वर्षी मासे स्वस्त आहेत.

आता दोब्रावा. गेल्या वर्षीच्या ऑगस्टात तिने त्याच काठावरून सूर्यजीव आणले. काटेवाले. एकेक पेशी वेगळ्या बशीत ठेवून तिने प्रत्येक बशीवर कॅमेरा लावला, रात्रंदिवस, कोणी शिंकलं तरी कळेल असा. असे अकरा संच. मला म्हणाली, "मी दोन आठवडे गावाला जातेय, तेवढं त्यांना खाऊ घालाल ना?" मी नाही म्हटलं. तिला वाटलं मी थट्टा करतेय. मी म्हटलं, दुसरं काहीही सांग, पाणी भरते, भांडी घासते, पण तुझ्या बशांना हात लावणार नाही. ती म्हणाली, "काय हो, माझ्या बशा चावतात की काय तुम्हाला?" शेवटी तिने सुट्टी पुढे ढकलली, आणि महिनाभर माझ्याशी जरा तुटकच वागली.

फेब्रुवारीत तिने मला हाक मारली. पडद्यावर सहाव्या बशीचं चित्रण होतं. एकटी पेशी, आजूबाजूला तिच्या खाण्याचे बारीक शेपटीवाले जीव, दुसरं कोणी नाही. तिचे दोन झाले, दोनाचे चार. सगळ्यांना काटे. नंतरच्या आठवड्यांत कधीतरी काटे विरळ होत गेले, आणि त्याच बशीतले नमुने तिने मायक्रोस्कोपखाली नेले तेव्हा त्यांच्या अंगावर खवले. अकरापैकी सात बशांत असं झालं. का बदलतात ते अजून तिलाही नीट सांगता येत नाही. मी म्हटलं, "पाहुणे शिरले असतील." ती म्हणाली, "कुठून शिरतील? झाकण उघडलं तेवढं सगळं कॅमेऱ्यात आहे, मोजून घ्या." मी खरंच मोजलं. मग मी तिला डीएनए तपासायला लावलं. काटेवाल्याचा आणि खवलेवाल्याचा तंतोतंत एक निघाला. मी म्हटलं, दुसऱ्या प्रयोगशाळेतून करून आण. तिची सहनशक्ती संपत आली होती, तरी तिने नमुने प्रागला पाठवले. त्याचा निकाल शुक्रवारी आला. एकच प्राणी आहे, बोग्ना. कधी काटे घालतो, कधी खवले. तू म्हणाली होतीस तसंच, अगदी त्याच शब्दांत दोब्रावाने मला सांगितलं, आणि तिला तू माहीतही नव्हतीस.

मी उठून बाहेर गेले, तळ्यावरच्या धक्क्याच्या टोकाला बसले. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते हसू. दोब्रावा मागून पाण्याचा ग्लास घेऊन आली. तिला वाटलं मला काहीतरी होतंय. मी तिला म्हटलं, तळघरातल्या तिसऱ्या कपाटात खाली एक हिरवी वही आहे आणि फोटोंचं पाकीट आहे, घेऊन ये. तुझी वही मी कोणाला टाकू दिली नव्हती. तिने ती तिथेच पायरीवर बसून वाचली, तारखा, चित्रं, सगळं. शेवटी म्हणाली, "चौतीस वर्षं आधी. ही बाई आहे कुठे?" मी म्हटलं, नीसाला. शाळेतून निवृत्त झाली, बागेत टोमॅटो लावते आणि नातवंडांना सायकल शिकवते.

मग मी तिला जे सांगितलं तेच आता तुला सांगायचं आहे. पंच्याऐंशीच्या त्या फेब्रुवारीत तू नीसाला गेलीस त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तादेक मला न्यायला आला होता आणि खाली गाडीत भोंगा वाजवत होता. मी घाईत होते. माझ्या बशांना खाऊ घातला, आणि हातात होती तीच पिपेट तुझ्या बशांत बुडवली. एकदाच. बुडवल्यावर लक्षात आलं, पण वाटलं, एका थेंबाने काय होणार. मार्चमध्ये तुझे फोटो पाहिले. तू आनंदाने नाचत होतीस आणि मला माझेच खवलेवाले तुझ्या बशीत बसलेले दिसत होते. बैठकीत मी खोटं बोलले. खरं बोलले असते तर कल्चर बिघडलं एवढंच झालं असतं, तुझ्या हाताला कोणी नाव ठेवलं नसतं, आणि तू नवं कल्चर करून वर्षभरात परत उभी राहिली असतीस. जागा मात्र मला मिळाली नसती. हे मला तेव्हाच कळत होतं. नंतर कळलं असं मी म्हणणार नाही.

चौतीस वर्षं मी असं धरून चालले, की तुझं काम माझ्या त्या एका थेंबाने बुडालं. शनिवारी मला झोप का लागली ते आता तुला कळेल. तो थेंब पडला होता, पण त्याने काही बिघडवलं नव्हतं. तुझे सूर्यजीव आपले आपणच बदलत होते. दोब्रावाने मला धीर द्यायला म्हटलं, "म्हणजे तुमच्या हातून काही झालंच नव्हतं, इरमिनाबाई." मी म्हटलं, "थेंबाने काही झालं नाही. खोटं बोलले ते तर बोललेच." ती म्हणाली, "हो. ते तर आहे." तिने गोड बोलून ते पुसलं नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

आता हे पत्र आजच का. येत्या सोमवारी, सोळा तारखेला, दोब्रावा तुला फोन करणार आहे. तिच्या शोधनिबंधावर तुझं नाव पहिलं असणार, कारण वहीतली तारीख पहिली आहे, आणि तिला तुझी सही हवी आहे. दुसरं नाव तिचं. तिसरं तिने माझं लिहिलं होतं, ते मी खोडलं. तू सही कर, बोग्ना. माझ्यावर रागाव, पण रागाच्या भरात नाही म्हणू नकोस. सही करायच्या आधी हे तुला माझ्याकडून कळायला हवं होतं, आणि त्यातलं एक मी दोब्रावालाही सांगितलेलं नाही, कारण ते आधी तुझं आहे. तू गेल्यावर पहिल्या नाताळाला लिहिलं होतंस, "सरांचंच बरोबर असेल, माझाच हात हलला असेल, दोन आले असतील." तू तुझ्याच डोळ्यांवर विश्वास ठेवेनाशी झालीस, आणि मी तुला तसं होऊ दिलं. त्या ऑगस्टमधल्या दुपारी तू बशीत पेशी सोडलीस आणि पिपेट धुवायला नळाशी गेलीस. तुझी खुर्ची रिकामी होती, मायक्रोस्कोप चालू होता, आणि मी सहज वाकून पाहिलं. तुला कधी बोलले नाही, कारण तेव्हा त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. आणि सरांनी विचारलं तेव्हा बोलले नाही, कारण सुरुवातीला एकच होता असं म्हटलं, की मग पुढचा संशय माझ्या पिपेटवर आला असता. मी नीट पाहिलं होतं. बशीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत बशी सरकवून पाहिलं होतं. तुझा हात हलला नव्हता, बोग्ना. एकच होता.

तू ठेवशील तर अजूनही तुझीच,
इरमिना